बॉरो की लेंड, बाय की अंटिल: इंग्रजीतल्या जोड्या शब्दांचा गोंधळ कसा सोडवायचा

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याच्या हातात कोणीतरी हमखास एक लिस्ट देतो, डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, खाली दोघांचे अर्थ. लिस्ट पाठ होते, परीक्षेत मार्कही पडतात, आणि मग बोलायची वेळ आली की दोन्ही शब्द एकदम तोंडाशी येऊन अडकतात, कारण लक्षात काय राहिलेलं असतं तर या दोघांत काहीतरी लफडं आहे एवढंच, कुठला कधी वापरायचा ते नाही.

तर लिस्ट जरा बाजूला ठेवा. गोंधळाचं मूळ बऱ्याचदा इंग्रजीत नसतंच, ते आपल्या मराठीत असतं. आपल्याकडे एका शब्दात काम भागतं तिथे इंग्रजीने दोन केलेले असतात, आणि आपण दोन्हीकडे तोच एक मराठी अर्थ चिकटवून मोकळे होतो. म्हणून सुरुवात मराठीपासून करू.

पायरी 1: आपला मराठी शब्द पकडा

वहीत इंग्रजी जोडी लिहू नका, मराठी शब्द लिहा आणि त्याला इंग्रजीत किती फाटे फुटतात ते बघा. सोपं उदाहरण म्हणजे सावली. झाडाखाली आपण सावलीत बसतो आणि भिंतीवर आपली सावली पडते, आपल्याला दोन्ही एकच. इंग्रजीत बसायची ती शेड, आणि जिला माणसाचा किंवा वस्तूचा आकार असतो ती शॅडो. बोटाचंही तसंच, हाताचं फिंगर आणि पायाचं टो, पायाला फिंगर म्हटलं की समोरचा एक क्षण थांबतोच.

अशा वस्तूंच्या जोड्या एकदा कळल्या की संपलं, त्यात वेळ घालवू नका. शंका या शब्दाकडे मात्र नीट बघा. आपण शंका विचारतो म्हणजे प्रश्न विचारतो, आणि शंका घेतो म्हणजे संशय घेतो. इंग्रजीत पहिलं क्वेश्चन, दुसरं डाउट. "आय हॅव अ डाउट" हे भारतातल्या वर्गात सगळ्यांना कळतं, त्यात काही बिघडत नाही, पण बाहेरच्या माणसाला वाटू शकतं की तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वासच नाहीये. त्याने प्रेझेंटेशन संपवलं आणि तुम्ही हात वर करून डाउट म्हणालात तर तो बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि तुम्हाला विचारायचं असतं फक्त की दुसरी स्लाइड परत दाखवाल का.

पायरी 2: मराठीत आधीच फरक आहे का ते तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मग उगाच कष्ट करतात. हिअर आणि लिसन घ्या. दोन्हीचा अर्थ "ऐकणे" असा पाठ केला की गोंधळ ठरलेला. पण आपल्याकडे "ऐकू येणं" आणि "ऐकणं" वेगळं आहेच की! ऐकू येतं ते हिअर, त्यात तुमचा काही प्रयत्न नाही, कान उघडे आहेत म्हणून आवाज आला. मुद्दाम लक्ष देऊन ऐकता ते लिसन. ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक चालतोय का हे विचारायचं असेल तर "कॅन यू हिअर मी?", म्हणजे ऐकू येतंय ना. त्याऐवजी "आर यू लिसनिंग टू मी?" असं विचारलंत तर तो सरळ "लक्ष आहे का तुझं?" असा होतो, आणि समोर बॉस असेल तर बघायलाच नको. लिसनच्या मागे टू लागतो तेही जाता जाता लक्षात ठेवा, "लिसन मी" असं होत नाही.

सी आणि लुक तसंच, दिसणं आणि बघणं. तिसरा वॉच, तो हलत्या, बदलत्या गोष्टीकडे काही वेळ लक्ष ठेवून बघण्यासाठी, म्हणून मॅच वॉच करतात आणि फोटोकडे लुक ॲट करतात. पिक्चरला मात्र सी आणि वॉच दोन्ही चालतात, थिएटरात जाऊन बघितला तर सी जास्त ऐकू येईल, घरी टीव्हीवर असेल तर वॉच.

बॉरो आणि लेंडचंही उत्तर घरातच आहे. उसनं घेणं म्हणजे बॉरो, उसनं देणं म्हणजे लेंड. आपल्याला घेणं-देणं हे क्रियापदात स्पष्ट दिसतं, इंग्रजीत ते शब्दाच्या पोटात दडलंय म्हणून गडबड होते. पेन एकच, मागणी एकच, पण "कॅन आय बॉरो युअर पेन?" मध्ये घेणारा मी कर्ता आहे आणि "कॅन यू लेंड मी युअर पेन?" मध्ये देणारा तू. "कॅन यू बॉरो मी" हे जे सर्रास ऐकू येतं त्यात या दोन वाक्यांची खिचडी झालेली असते. गंमत म्हणजे भाड्याच्या बाबतीत उलटं आहे, आपण भाड्याने घेतो किंवा देतो असं वेगळं सांगतो आणि इंग्रजीचा रेंट दोन्हीकडे चालतो, देण्यासाठी वेगळं म्हणायचंच असेल तर रेंट आउट म्हणायचं.

ब्रिंग म्हणजे आणणं, टेक म्हणजे नेणं, हे तर जुळतंच. फक्त कम आणि गोमध्ये एक खड्डा आहे, तो असा की आपण निघताना "बरं, येतो मी" म्हणतो कारण "जातो" म्हणणं बरं वाटत नाही. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन दाराबाहेर पडताना "आय ॲम कमिंग" म्हणू नका, ऐकणारा तुमची वाट बघत बसेल.

पायरी 3: फरक करणारा एकच प्रश्न शोधा

आता ज्या जोड्यांना मराठीत फरकच नाही त्या. इथे व्याख्या पाठ करण्यापेक्षा असा एक प्रश्न शोधायचा ज्याचं उत्तर आलं की शब्द आपोआप ठरतो.

सगळ्यात त्रासदायक "पर्यंत". बाय आणि अंटिल, दोन्हींना आपण पर्यंत म्हणतो. "सोमवारपर्यंत रिपोर्ट दे" आणि "सोमवारपर्यंत मी सुट्टीवर आहे", दोन्हीकडे पर्यंत, पण पहिल्यात बाय आणि दुसऱ्यात अंटिल. प्रश्न असा विचारायचा: ही गोष्ट त्या वेळेपर्यंत सतत चालू राहणार आहे की आधी कधीतरी एकदा होऊन जाणार आहे? सुट्टी सोमवार उजाडेपर्यंत रोज चालू आहे, म्हणून अंटिल. रिपोर्ट शुक्रवारी द्या, रविवारी द्या, एकदाच द्यायचाय, सोमवार ही फक्त शेवटची मुदत, म्हणून बाय. ऑफिस सहापर्यंत उघडं असतं, अंटिल. सहापर्यंत पोहोच, बाय. उलट करून बघा म्हणजे घोळ दिसेल: बॉसला "आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल मंडे" असं लिहिलंत तर अर्थ असा निघतो की सोमवार येईपर्यंत तुम्ही तो रिपोर्ट पाठवतच राहणार आहात.

नकारात हे अजून टोकदार होतं. "मी सहापर्यंत येणार नाही" हे मराठी वाक्यच मुळात दुहेरी आहे. "आय वोन्ट कम अंटिल सिक्स" म्हणजे येणार आहे, पण सहाच्या आधी नाही. "आय वोन्ट बी देअर बाय सिक्स" म्हणजे सहा वाजतील तेव्हा मी तिथे पोचलेलो नसेन, कधी येईन ते सांगितलेलंच नाही. पहिलं ऐकून माणूस सहाला तुमची वाट बघेल, दुसरं ऐकून तो विचारेल मग कधी? आणि जागेच्या बाबतीत अंटिल वापरूच नका, "स्टेशनपर्यंत चालत गेलो" याला ॲज फार ॲज द स्टेशन किंवा नुसतं टू द स्टेशन.

"पासून" दुसरा. सिन्स आणि फॉर. आपण "सोमवारपासून" म्हणतो आणि "दोन वर्षांपासून" पण म्हणतो, त्यामुळे सिन्स टू इयर्स हे तोंडात बसून जातं. पुस्तकात नियम असतो की सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो आणि फॉरपुढे कालावधी, नियम बरोबर आहे पण बोलताना कोण एवढा विचार करतो. त्यापेक्षा मराठीतच चाचणी घ्या: पासून काढून टाका आणि मागे "गेली" लावून वाक्य उभं राहतं का बघा. "गेली दोन वर्षं इथे राहतोय", उभं राहिलं, फॉर. "गेला सोमवार इथे राहतोय", कोसळलं, सिन्स. "गेले तीन तास", फॉर. "गेला सकाळी नऊ", नाही, सिन्स. बहुतेक ठिकाणी ही चाचणी दगा देत नाही.

काळाचंही बघा इथे, कारण शब्द बरोबर निवडून लोक काळात मार खातात. आपण "राहतो" म्हणतो, वर्तमानकाळ, इंग्रजीला मात्र तिथे हॅव लागतं, "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स". "आय लिव्ह हिअर फॉर टू इयर्स" असं ऐकलं की ऐकणारा अडखळतो. आणि "आय लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स" म्हटलं की तुम्ही दोन वर्षं राहून तिथून गेलात असा अर्थ होतो.

फ्यू आणि अ फ्यू ही जोडी फसवी, एवढ्याशा "अ"ने वाक्याचा मूडच बदलतो. पण मराठीत हेच काम "च" करतो. "माझे थोडेच मित्र आहेत" आणि "माझे थोडेफार मित्र आहेत" यातला फरक तुम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. थोडेच म्हणजे फ्यू, सूर तक्रारीचा. थोडेफार म्हणजे अ फ्यू, सूर समाधानाचा. लिटल आणि अ लिटल अगदी तसंच, फक्त ते पाणी, वेळ, पैसा अशा मोजता न येणाऱ्यांसाठी.

मोजता येण्यावरून आठवलं, फ्युअर आणि लेस. मोजता येतं तिथे फ्युअर, येत नाही तिथे लेस, असं सांगतात. परीक्षेत, ऑफिसच्या लिखाणात पाळा. पण इंग्रज लोक स्वतः बोलताना लेस पीपल म्हणतात आणि हा नियमही तसा नंतरचा आहे, 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपली पसंती म्हणून लिहिलं होतं की अशा ठिकाणी फ्युअर बरं वाटतं, पुढे लोकांनी त्याचा कायदा केला. अंतर, वेळ आणि पैशाला आकडा असला तरी लेसच येतं, लेस दॅन फाइव्ह माइल्स, कारण तिथे मैल एकेक करून मोजायचे नसतात, सगळा मिळून एकच पल्ला असतो.

पायरी 4: शब्दाचा शेजार बघा

काही जोड्यांत अर्थाचा फरक शोधून हाती काही लागत नाही. फरक असतो तो शब्दानंतर काय येतं त्यात. से आणि टेल हे याचं ठळक उदाहरण. टेलला लगेच माणूस लागतो, टेल मी, टेल हर, टेल युअर ब्रदर. सेला माणूस नाही चालत, से समथिंग, आणि माणूस आणायचाच तर मध्ये टू, "शी सेड टू मी". "ही सेड मी" हे चूक आणि "ही टोल्ड दॅट" हेही चूक, दोन्ही याच एका कारणाने. अपवाद थोडे आहेत, टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, ते तसेच तोंडात बसवा. स्पीक आणि टॉकमध्ये फार डोकं घालू नका, भाषेला स्पीक, गप्पांना टॉक, आणि स्पीक जरा औपचारिक, एवढं पुरतं.

स्टील आणि रॉब. वस्तू स्टील होते, माणूस किंवा बँक रॉब होते. सायकल चोरीला गेली तर "माय सायकल वॉज स्टोलन". "माय सायकल वॉज रॉब्ड" म्हणजे सायकलीच्या खिशातून काहीतरी गेलं! विन आणि बीट पण याच घरातले, मॅच विन करायची आणि टीमला बीट करायचं, "वी वन देम" म्हणजे ती टीमच आपल्याला बक्षीस म्हणून मिळाली असं होतं.

मेक आणि डू यांचं मात्र खरं सांगायचं तर नीट नियम नाहीच. मेक म्हणजे काहीतरी नवीन तयार होतं आणि डू म्हणजे काम पार पडतं असं सांगतात, ते अर्ध्या ठिकाणी लागू पडतं, आणि मग मेक अ मिस्टेक, मेक द बेड, डू अ फेवर असे शब्द येतात आणि नियम गप्प बसतो. इथे तर्क लढवू नका, अख्खा तुकडा उचला, "मेक अ डिसिजन" हा एकच शब्द आहे असं समजा.

पायरी 5: कान आणि स्पेलिंगचे घोळ वेगळे ठेवा

इथे अर्थ मिसळत नाहीत, अक्षरं मिसळतात, त्यामुळे वरच्या युक्त्या कामाच्या नाहीत. लूझ म्हणजे हरवणं किंवा हरणं, त्यात एकच ओ, शेवटी आवाज झ चा. लूस म्हणजे सैल, त्यात दोन ओ आणि शेवटी आवाज स चा. आपण देवनागरीत दोन्हींना लूज लिहून टाकतो आणि तिथेच फरक पुसला जातो, त्यामुळे इंग्रजी शब्द मराठीत लिहून पाठ करायची सवय असेल तर निदान आवाज नीट लिहा.

ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ, पहिलं नाम म्हणजे सल्ला, सी ने लिहायचं, दुसरं क्रियापद म्हणजे सल्ला देणं, एस ने. आणि सल्ल्याचं अनेकवचन होत नाही, ॲडव्हाइसेस नसतं. ब्रिटिश इंग्रजीत प्रॅक्टिस आणि लायसन्सलाही हीच पद्धत, नामाला सी, क्रियापदाला एस, फक्त तिथे उच्चार बदलत नाही. अमेरिकन लोक प्रॅक्टिस दोन्हीकडे सी ने आणि लायसन्स दोन्हीकडे एस ने लिहितात. कुठलीही एक पद्धत धरा, पण एकाच लेखात दोन्ही नको.

ॲफेक्ट आणि इफेक्ट. ए ने सुरू होणारं बहुतेक वेळा क्रियापद, परिणाम करणं. ई ने सुरू होणारं बहुतेक वेळा नाम, परिणाम. शब्दाच्या आधी अ, द किंवा ॲन लावता आलं तर ई. मानसशास्त्रात ए वालं नाम म्हणूनही येतं आणि ई वालं "घडवून आणणं" या अर्थाने क्रियापदही होतं, पण नवख्या माणसाने ते आत्ता विसरलेलं बरं.

स्पेलचेकवर विसंबू नका एवढं मात्र सांगतो, कारण दोन्ही स्पेलिंग आपापल्या जागी बरोबरच असतात, नुसतं स्पेलिंग तपासणाऱ्याला तुम्हाला कुठलं हवं होतं ते कळत नाही.

पायरी 6: शेपटीकडे लक्ष

शब्दाचं मूळ एकच पण शेपूट वेगळं, अशाही जोड्या असतात. हार्ड आणि हार्डली यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. लोकांना वाटतं विशेषणाला ली लावलं की क्रियाविशेषण झालं, क्विक क्विकली, म्हणून हार्ड हार्डली. पण हार्डली म्हणजे "जेमतेम, जवळपास नाहीच". कोणासाठी शिफारसपत्र लिहिताना "ही वर्क्स हार्डली" लिहिलंत तर बिचारा नोकरीला मुकलाच समजा. बरोबर ते "ही वर्क्स हार्ड". लेट आणि लेटली तसंच, लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली.

इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, गाडी इकॉनॉमिकल असते आणि धोरण इकॉनॉमिक. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असं मोठं, हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं इतिहासाशी संबंधित. सेन्सिबल म्हणजे समंजस आणि सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा, यात मात्र चूक करू नका, माणसं दुखावतात.

पायरी 7: डिक्शनरी बदला

इंग्रजी-मराठी डिक्शनरी या कामाला पुरत नाही, कारण ती दोन्ही शब्दांपुढे तोच मराठी शब्द ठेवते आणि आपण होतो तिथेच परत येतो. शिकणाऱ्यांसाठी बनवलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या, लर्नर्स डिक्शनरी म्हणतात ती. ही कल्पनाच परक्या भाषकांना शिकवताना आली, हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी केलेली डिक्शनरी 1942 मध्ये तिथेच छापली गेली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली. क्रियापदापुढे काय येतं, म्हणजे आपली पायरी 4, हे त्यात मुद्दाम दिलेलं होतं. लाँगमनची 1978 ची डिक्शनरी सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांत सांगते, आणि 1987 मध्ये आलेली कॉलिन्स कोबिल्ड अर्थ पूर्ण वाक्यात देते, त्यामुळे शब्दाचा शेजार आपोआप कळतो. आता या सगळ्यांच्या वेबसाइट फुकट आहेत. उघडलीत की अर्थ वाचून बंद करू नका, खालची उदाहरणं वाचा, फरक तिथे दिसतो.

आणि जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका. जो जास्त लागतो तो आधी घ्या, समजा बाय, त्याची स्वतःच्या कामातली तीन-चार वाक्यं करा, खरी, म्हणजे तुम्ही खरंच उद्या कोणाला पाठवणार आहात अशी. तो सहज यायला लागला की मग अंटिल. दोन्ही एकदम घेतले की ते एकमेकांना चिकटूनच डोक्यात जातात.

कन्टिन्युअल आणि कन्टिन्युअस, डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड, शॅल आणि विल, असल्या जोड्या कोणी पुढे केल्या तर नम्रपणे बाजूला ठेवा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही त्यात सर्रास सरमिसळ करतात आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. लाय (आडवं होणं) आणि ले (आडवं ठेवणं) यांचंही तेच, लायचा भूतकाळ ले होतो हे कळल्यावर बरेच जण हात टेकतात, तुम्हीही टेका आणि त्या जागी लाय डाउन सोडून सरळ "आय वेंट टू बेड" म्हणा.